ऊतक-रंजन आणि सूक्ष्मदर्शक यंत्र: मेलेल्या जनावराच्या रोगाचा शोध कसा लागतो

गोठ्यांतील एखादें धट्टेंकट्टें जनावर एकाएकीं मेलें म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो मेलेल्या जनावराविषयीं नसून दावणीस उभ्या असलेल्या बाकीच्या जनावरांविषयीं असतो. गेलेलें जनावर परत येत नाहीं. परंतु तें कशानें गेलें हें वेळेवर कळलें, तर उरलेलीं वांचविण्याचा मार्ग दिसतो. कोणी म्हणतो विषारी चारा खाण्यांत आला, कोणी म्हणतो पान लागलें, कोणी दृष्टीचें नांव घेतो. आणि शेवटीं केवळ तर्कावर भिस्त ठेवून कांहींतरी उपाय केला जातो. तर्काच्या जागीं खात्री आणण्याचें एक उत्तम साधन पशुरोगनिदानाच्या प्रयोगशाळांतून वापरण्यांत येतें. मृत जनावराच्या अवयवाचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, त्याचा आरपार उजेड जाईल इतका पातळ छेद कापावयाचा, त्यास रंग द्यावयाचा आणि तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावयाचा, असें तें साधन आहे. शरीराच्या विणीस ऊतक म्हणतात, म्हणून या विद्येस ऊतकशास्त्र आणि या रंगकामास ऊतक-रंजन अशीं नांवें आहेत.

हें काम प्रयोगशाळेंत होतें, शेतावर होत नाहीं, हें खरें. तथापि त्याचें यशापयश पुष्कळ अंशीं गोठ्यांतच ठरून जातें. तुकडा केव्हां घेतला, कोणत्या द्रवांत ठेवला, आणि मुळांत तो घेण्यासाठीं जनावर फाडावयास नको होतें कीं काय, या गोष्टी मालकाच्या हातच्या आहेत. यासाठीं ही कृति कशी चालते व तिच्यामागें काय तत्त्व आहे, याची माहिती शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रंगावांचून दिसत कां नाहीं

इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें सन १६६५ सालीं बुचाचा पातळ छेद यंत्राखालीं पाहून त्यांतील मधाच्या पोळ्यासारख्या कोठड्यांचें चित्र प्रसिद्ध केलें. हॉलंडांतील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें त्याच शतकांत स्वतः घांसलेल्या भिंगांतून रक्तांतील तांबड्या पेशी व पाण्यांतील सूक्ष्म जीव पाहिले. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं असा सिद्धांत मांडिला कीं, सर्व शरीर पेशींचेंच बनलेलें आहे. १८५८ सालीं बर्लिन येथील फिर्खो यानें, रोग म्हणजे पेशींतील बिघाड होय, असें आपल्या व्याख्यानांतून प्रतिपादिलें. तेव्हांपासून रोग पाहावयाचा असेल तर पेशी पाहिली पाहिजे, हें सर्वमान्य झालें.

परंतु पेशी पाहणें सोपें नाहीं. बुचाच्या कोठड्यांच्या भिंती जाड असतात, म्हणून त्या हूकला दिसल्या. मांस, काळीज किंवा मेंदू यांच्या पेशी मऊ, पाण्यानें भरलेल्या व बिनरंगी असतात. स्वच्छ कांचेचा तुकडा पाण्यांत बुडविला म्हणजे त्याची कड हवेंतल्याइतकी ठळक दिसत नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें आहे. उजेड वळविण्याच्या बाबतींत पाणी व कांच यांत हवा व कांच यांच्याइतका फरक नसतो, म्हणून एकाची कड दुसऱ्यापासून तितकी निराळी दिसत नाहीं. पेशींच्या आंतील भागांची हीच स्थिति असते. यंत्रानें वस्तु मोठी होते. पण जें मुळांतच एकमेकांहून निराळें दिसत नाहीं, तें मोठें केल्यानें निराळें दिसूं लागत नाहीं. शाळेंत कांद्याचा पापुद्रा यंत्राखालीं दाखवितात, तेव्हां त्यावर आयोडिनाचा थेंब टाकल्यावरच प्रत्येक पेशींतील केंद्र पिवळट तपकिरी होऊन डोळ्यांत भरतें. हेंच रंजनाचें सार आहे.

यंत्राच्या शक्तीविषयींही दोन शब्द सांगणें जरूर आहे. डोळ्याजवळचें भिंग वस्तु १० पट मोठी करतें व वस्तूजवळचें ४० पट. मिळून ४०० पट होते. जंतु पाहण्यासाठीं १०० पटींचें भिंग घेऊन त्याच्या व कांचपट्टीच्या मध्यें तेलाचा थेंब घालतात, म्हणजे एकंदर १,००० पट होते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रोमीटर म्हणतात. मनुष्याचा केस साधारणपणें ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, गाईच्या रक्तांतील तांबडी पेशी ५ ते ६ मायक्रोमीटरची असते, आणि फाशी रोगाचा जंतु सुमारें १ मायक्रोमीटर रुंद असतो. जर्मन शास्त्रज्ञ अबे यानें १८७३ सालीं असें दाखविलें कीं, उजेडाच्या लहरींच्या लांबीमुळेंच या यंत्रास एक मर्यादा पडते. सुमारें ०·२ मायक्रोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदु कितीही उत्तम भिंग घेतलें तरी वेगळे दिसत नाहींत. पिसाळ रोगाचा विषाणु या मर्यादेच्या पलीकडचा आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याचा प्रसंग पुढें येणार आहे.

रंगाऱ्याची विद्या प्रयोगशाळेंत

जेर्लाख या जर्मन शास्त्रज्ञानें १८५८ सालीं मेंदूचे छेद कार्मिन नांवाच्या तांबड्या रंगांत ठेवून पेशींचीं केंद्रें स्पष्ट दाखविलीं. हा रंग निवडुंगावर राहणाऱ्या एका किड्यापासून काढतात. परंतु आज जगांतील बहुतेक प्रयोगशाळांचा मुख्य रंग आहे तो लाकडाचा आहे. मेक्सिको देशांतील कांपेचे प्रांतांत एक कांटेरी झाड होतें. त्याच्या तांबूस गाभ्यापासून हेमॅटॉक्सिलिन हें द्रव्य निघतें. स्पेनच्या लोकांनीं सोळाव्या शतकांत हें लाकूड कापड रंगविण्यासाठीं युरोपांत नेलें. आपल्याकडे रंगाऱ्यांचें जें पतंगाचें लाकूड आहे, त्याच्याच कुळांतलें हें झाड असून दोहोंच्या रंगद्रव्यांची घडणही अगदीं जवळची आहे.

जुन्या रंगाऱ्यांस एक गोष्ट चांगली ठाऊक होती. मंजिष्ठ किंवा पतंग यांचा रंग नुसता लावला तर तो धुतांच उतरतो. कापडास अगोदर तुरटी दिली तरच तो धरतो. तुरटीचा एक हात कापडास व दुसरा हात रंगास धरून ठेवतो, असें म्हटलें तरी चालेल. प्रयोगशाळेंतही तेंच घडतें. हेमॅटॉक्सिलिन हवेच्या योगानें मुरून पक्व व्हावें लागतें, आणि त्यांत तुरटी घालावी लागते. तुरटींतील ॲल्युमिनियम रंगाशीं संयोग पावून धनविद्युत् भार धारण करतें. पेशीच्या केंद्रांतील वंशद्रव्य ऋणभारित असतें. म्हणून हा रंग नेमका केंद्रासच जाऊन चिकटतो व तें निळें-जांभळें दिसूं लागतें. तुरटीसह हेमॅटॉक्सिलिन वापरण्याची रीत बोमर यानें १८६५ सालीं प्रसिद्ध केली.

याचा जोडीदार रंग आहे तो इओसिन. हा गुलाबी रंग डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून तयार होतो व स्वतः ऋणभारित असल्यामुळें पेशींतील धनभारित प्रथिनांस धरतो. निळीं केंद्रें व गुलाबी भोंवताल अशी ही जोडी १८७६ सालापासून प्रचारांत आली आणि आजही ऊतकपरीक्षेची सुरुवात तिनेंच होते.

डांबरी रंगांचा इतिहास शेतकऱ्यास विसरतां येण्यासारखा नाहीं. पर्किन या इंग्रज तरुणानें १८५६ सालीं पहिला असा जांभळा रंग केला. जर्मनींतील बाडिशे कारखान्याचा रसायनज्ञ कारो यानें इओसिन बाजारांत आणिलें व १८७६ सालीं मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग तयार केला. याच कारखान्यानें १८९७ सालीं कृत्रिम नीळ विक्रीस काढली, आणि थोड्याच वर्षांत बंगाल व बिहारांतील निळीची लागवड बसली. ज्या उद्योगानें शेतांतील नीळ उठविली, त्याच उद्योगानें प्रयोगशाळेस गुरांचे जंतु ओळखण्याचे रंग पुरविले, असा हा जमाखर्च आहे.

तुकड्यापासून कांचपट्टीपर्यंत

पहिली पायरी स्थिरीकरणाची. प्राण गेल्याबरोबर पेशींतील पाचक रस पेशींसच पचवूं लागतात. आंतडीं, स्वादुपिंड व मेंदू यांत हें फार लवकर होतें, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कांहीं तासांतच अवयवाची मूळ ठेवण नाहींशी होते. नंतर कुजविणारे जंतु आपलें काम सुरू करतात. हें सर्व थांबविण्याकरितां तुकडा फॉर्मॅलिनांत टाकतात. जर्मन वैद्य ब्लूम यानें १८९३ सालीं फॉर्मॅलिनाचा हा गुण प्रसिद्धीस आणिला. जंतुनाशक म्हणून त्याची परीक्षा घेत असतां स्वतःच्या बोटांची कातडी ताठरलेली पाहून त्यास ही युक्ति सुचली. बाभळीच्या सालीनें किंवा हिरड्यानें कातडें कमावलें म्हणजे तें कुजत नाहीं, कारण त्यांतील प्रथिनांचे धागे एकमेकांस जखडले जातात. फॉर्मॅलिन प्रथिनांस असेंच, पण निराळ्या रीतीनें, जखडून टाकतें. बाजारांत मिळणारें फॉर्मॅलिन एक भाग व पाणी नऊ भाग असें मिश्रण करून तें तुकड्याच्या दहापट घेतात. फॉर्मॅलिन आंत फार सावकाश शिरतें. म्हणून तुकडा अर्धा ते एक सेंटिमीटरहून जाड नसावा. अख्खें काळीज बरणींत कोंबून पाठविलें तर वरची साल टिकते आणि गाभा कुजतो.

दुसरी पायरी पाणी काढण्याची. एक-दोन दिवसांनीं घट्ट झालेला तुकडा क्रमाक्रमानें अधिकाधिक तीव्र मद्यार्कांतून नेतात. एकदम तीव्र मद्यार्कांत टाकला तर तो आकसून वेडावांकडा होतो. सर्व पाणी निघाल्यावर मद्यार्क काढून टाकण्यासाठीं झायलीन वापरतात, कारण मेण मद्यार्कांत मिसळत नाहीं, झायलिनांत मिसळतें.

तिसरी पायरी मेणांत बसविण्याची. सुमारें ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळलेल्या पॅराफिन मेणांत तुकडा ठेवतात. मेण त्याच्या प्रत्येक छिद्रांत भरतें व थंड झाल्यावर त्याची घट्ट वडी होते. मऊ लोण्याचे पातळ काप करतां येत नाहींत, पण गोठलेल्या तुपाचे करतां येतात. तोच हा प्रकार होय.

चौथी पायरी कापण्याची. मायक्रोटोम नांवाच्या यंत्रांत ही वडी बसवून दांडा फिरविला म्हणजे प्रत्येक फेऱ्यास ती ४ ते ५ मायक्रोमीटर पुढें सरकते व पात्यावर तेवढाच पातळ छेद निघतो. केसाच्या जाडीशीं ताडून पाहिलें असतां हा छेद किती नाजूक असतो तें कळेल. छेद कोमट पाण्यावर पसरून कांचपट्टीवर उचलतात व वाळवितात.

पांचवी पायरी रंगाची. प्रथम झायलिनानें मेण धुऊन काढतात व मद्यार्कांतून छेद पुन्हां पाण्यांत आणतात, कारण रंग पाण्यांतला आहे. मग कांहीं मिनिटें हेमॅटॉक्सिलिन, नंतर अधिक झालेला रंग उतरविण्यासाठीं किंचित् आम्लयुक्त मद्यार्क, आणि त्यानंतर पाण्याची धार. येथें एक मौज आहे. आम्लांत केंद्रें तांबूस दिसतात. किंचित् क्षारयुक्त पाणी लागलें म्हणजे तींच निळीं होतात. नळाचें पाणी तसें नसेल तर त्यांत मुद्दाम क्षार मिसळावा लागतो. शेवटीं इओसिन देऊन, पाणी पुन्हां काढून, छेदावर पारदर्शक राळेसारखें द्रव्य व पातळ कांच बसवितात. असा छेद नीट ठेवला तर वर्षानुवर्षें टिकतो. एका मृत जनावराचा दाखला पुढील पिढीस पाहावयास मिळतो.

तीन रोग, तीन रंग

आमच्या प्रांताचा या विद्येशीं जुना संबंध आहे. गुरांच्या सांथींचा शोध करण्यासाठीं हिंदुस्थानांतील पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यासच स्थापन झाली. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली व तिचेंच रूपांतर पुढें भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेंत झालें. तिच्या पहिल्या कामांत बुळकांडीचा अभ्यास हें मोठें काम होतें. तो रोग २०११ सालीं साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. आतां ज्या रोगांचें निदान रंगावर अवलंबून आहे किंवा होतें, अशीं तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें फाशी अथवा काळपुळीचें, ज्यास अँथ्रॅक्स म्हणतात. जनावर एकाएकीं मरतें, पोट फुगतें, आणि नाक-तोंड-गुदद्वारांतून न गोठणारें काळसर रक्त येतें. यांत अवयवाच्या छेदाची गरजच पडत नाहीं. पशुवैद्य कानाच्या शिरेंतून रक्ताचा थेंब घेऊन कांचपट्टीवर पसरतात व मुरलेल्या मेथिलीन ब्ल्यूनें रंगवितात. निळ्या, चौकोनी टोंकांच्या काड्यांची साखळी आणि तिच्या भोंवतीं गुलाबी वेष्टन दिसलें म्हणजे निदान झालें. ही खूण मॅकफॅडियन यानें १९०३ सालीं दाखविली. नुसत्या काड्या कुजलेल्या प्रेतांतील इतर जंतूंच्याही असतात. भेद दाखवितें तें गुलाबी वेष्टन. प्रेत फार वेळ पडलें तर हें वेष्टनच नाहींसें होतें, म्हणून येथें तासातासाला किंमत आहे.

मात्र असें जनावर कोणीही फाडूं नये. शरीरांत असतां हा जंतु बीजाणु करीत नाहीं. रक्त बाहेर सांडून त्यास हवा लागली कीं तो बीजाणुरूप धारण करतो व जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहतो. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर या जंतूचे प्रयोग केले. तें बेट १९८६ सालीं औषधानें धुवावें लागलें व १९९० सालींच निर्धोक ठरलें. एका सुरीनें आपलें कुरण तशा स्थितींत जाऊं शकतें. शिवाय फाडणाऱ्यास, कातडें सोलणाऱ्यास व मांस खाणाऱ्यास हा रोग होतो, तो निराळाच.

दुसरें उदाहरण योने रोगाचें. गाय चांगली खाते, पण पातळ हगते, वाळत जाते, आणि औषधानें थोडें बरें वाटून पुन्हां तेंच सुरू होतें. १८९५ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथें योने व फ्रॉथिंगहॅम यांनीं अशा एका गाईच्या जाड झालेल्या आंतड्याचे छेद क्षयाच्या जंतूस लावतात त्या रीतीनें रंगविले. ही रीत अशी: कार्बोल-फुक्सिन हा तांबडा रंग वाफ येईपर्यंत तापवून देतात, मग आम्लयुक्त मद्यार्कानें धुतात, आणि शेवटीं निळा रंग देतात. ज्या जंतूंच्या भिंतींत मेणासारखें द्रव्य असतें ते तांबडा रंग सोडीत नाहींत. बाकीचें सर्व निळें होतें. योने यांस आंतड्यांत तांबड्या काड्यांचे थवेच्या थवे दिसले. त्यांनीं तो क्षयाचाच एक प्रकार समजला. तो निराळा रोग आहे हें बँग या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें १९०६ सालीं दाखविलें. या रोगावर खात्रीचा उपाय नाहीं. जनावर वाळूं लागण्यापूर्वीं पुष्कळ काळ तें शेणावाटें जंतु टाकीत असतें आणि लहान वासरें त्या शेणानें दूषित झालेल्या दुधाचाऱ्यांतून तो घेतात. म्हणून एका गाईच्या आंतड्याचा छेद हा साऱ्या गोठ्याचा प्रश्न असतो: वासरें वेगळीं करावीं कीं नाहीं, कोणतीं जनावरें तपासावीं, बाहेरून जनावर घेतांना काय पाहावें, हें त्यावर ठरतें.

तिसरें उदाहरण पिसाळ रोगाचें. इटलींतील पाव्हिया येथें नेग्री यानें १९०३ सालीं पिसाळून मेलेल्या जनावरांच्या मेंदूंतील मज्जापेशींत तांबडे, वाटोळे ठिपके पाहिले. विषाणु यंत्राच्या मर्यादेपलीकडचा असल्यामुळें दिसत नाहीं. पण पेशींत तो जेथें वाढतो त्या जागा रंग घेतात, आणि त्या या ठिपक्यांच्या रूपानें दिसतात. पुष्कळ वर्षें जगभर याच खुणेवर निदान होत असे. परंतु पिसाळलेल्या प्रत्येक जनावराच्या मेंदूंत हे ठिपके सांपडतातच असें नाहीं. म्हणून आतां ताज्या मेंदूवर चमकणाऱ्या रंगाची जोड दिलेलीं प्रतिद्रव्यें घालून विशेष यंत्राखालीं पाहण्याची रीत प्रमाण मानितात. तीसाठीं मेंदू बर्फावर, फॉर्मॅलिन न घालतां, पोहोंचला पाहिजे.

रंग खोटें बोलत नाहीं, वाचणारा चुकूं शकतो

या विद्येच्या मर्यादा न सांगणें योग्य होणार नाहीं. नेग्री यास आपले ठिपके म्हणजे एक सूक्ष्म प्राणी असावा असें वाटलें. तें खरें ठरलें नाहीं. खूण बरोबर होती, अर्थ चुकला होता. इटलीचे गोल्जी यांनीं १८७३ सालीं चांदीच्या क्षारानें मज्जापेशी काळ्या करण्याची रीत काढली. स्पेनचे काहाल यांनीं तीच रीत वापरून गोल्जींच्या अगदीं उलट मत मांडिलें. गोल्जी मेंदूस एक अखंड जाळें मानीत, तर काहाल प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र मानीत. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें. पुढील शोधांनीं काहालांचा पक्ष उचलून धरिला. रंग एकच, छेद सारखेच, वाचन मात्र निराळें.

याशिवाय छेदांत नसलेल्या खुणा उत्पन्न होतात. तुकडा बर्फांत गोठला तर पाण्याचे खडे पेशी फाडतात. चिमट्यानें दाबला तर पेशी चिरडतात. उशिरा घेतला तर कुजण्याच्या खुणा रोगासारख्या भासतात. अनुभवी परीक्षक हा भेद पुष्कळदां ओळखतो, पण सर्वस्वीं बिघडलेल्या तुकड्यांतून तो कांहींच काढूं शकत नाहीं. तसेंच, छेदांत कांहीं सांपडलें नाहीं याचा अर्थ रोग नव्हता असा होत नाहीं; तेवढ्या तुकड्यांत तो दिसला नाहीं, एवढाच होतो. विषबाधेची खात्री बहुधा रसायनपरीक्षेनें करावी लागते व तीसाठीं पोटांतील अन्न, काळीज वगैरे फॉर्मॅलिन न लावतां द्यावें लागतें.

शेतकऱ्यानें काय करावें

आतां व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. जनावर एकाएकीं मेलें तर प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें, आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत प्रेत फाडूं नये, सोलूं नये व कुत्र्यां-गिधाडांस देऊं नये. फाशीसारखे रोग कळविणें २००९ सालच्या कायद्यान्वयें मालकाचें कर्तव्यही आहे. नाकातोंडांतून काळें रक्त येत असेल तर इतर जनावरें त्या जागेपासून दूर बांधावीं आणि प्रेताची विल्हेवाट पशुवैद्य सांगतील त्याच रीतीनें लावावी.

जनावर पिसाळलें असा संशय असेल तर त्याच्या तोंडांत हात घालूं नये. गाय-बैल पिसाळला म्हणजे गिळतां येत नाहीं व लाळ गळते; तेव्हां घशांत कांहीं अडकलें असें समजून पुष्कळ लोक हात घालतात आणि स्वतःस संकटांत पाडून घेतात. लाळ जखमेस लागली किंवा चावा झाला तर ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व तत्काळ इस्पितळांत जाऊन लस टोंचून घ्यावी. मेंदूच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत थांबणें म्हणजे जीव पणास लावणें होय, कारण रोगाचीं लक्षणें उमटल्यावर मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें. डोकें काढण्याचें काम पशुवैद्यांचें आहे, घरच्या कोयत्याचें नव्हे.

पशुवैद्यांनीं शवपरीक्षा करून तुकडे घेतले तर ते वेळेवर पोहोंचविण्यास हातभार लावावा. फॉर्मॅलिनांतील बरणी बर्फांत गोठवूं नये. जंतूंच्या वाढीसाठीं घेतलेला तुकडा मात्र बर्फावर, वेगळ्या डब्यांत व फॉर्मॅलिनाच्या थेंबावांचून न्यावा. दोन्ही बरण्यांवर जनावराचा बिल्ला क्रमांक, अवयवाचें नांव व मरणाची वेळ लिहावी. फॉर्मॅलिन विषारी आहे. त्याची वाफ डोळ्यांस व छातीस बाधते व दीर्घकाळच्या संसर्गानें कर्करोगाचें भय असतें. तें घरांत, मुलांच्या हातीं लागेल असें ठेवूं नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत तर कधींच भरूं नये.

सर्वांत महत्त्वाची पुरवणी आहे ती हकीकतीची. किती दिवस आजारी होतें, काय खात होतें, चारा नवीन होता काय, लस कधीं टोंचली होती, कळपांतील आणखी कोणतें जनावर लंगडतें किंवा हगतें आहे काय, नवीन जनावर केव्हां आणलें, हें एका कागदावर लिहून तुकड्याबरोबर द्यावें. परीक्षक निळीं केंद्रें व तांबड्या काड्या पाहतो. गोठा त्यानें पाहिलेला नसतो. पुण्यास औंध येथें असलेल्या रोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळेपर्यंत तालुक्याच्या दवाखान्यामार्फत नमुना जातो, आणि तो जितका ताजा व जितक्या खऱ्या हकीकतीसह जाईल, तितकें त्याचें उत्तर उपयोगी पडेल.

पेरणीच्या वेळीं बीं निवडून घ्यावें हें कोणा शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं, कारण पुढच्या पिकाचा भरंवसा त्यावर आहे हें तो जाणतो. मृत जनावराचा बोटभर तुकडा हेंही उरलेल्या दावणीसाठीं असेंच निवडून ठेवण्याचें बीं आहे, असें आम्हांस वाटतें. तो बिघडूं न देतां योग्य हातीं पोहोंचविणें, आणि जेथें कापूं नये तेथें सुरी न लावणें, एवढें जरी आमच्या वाचकांनीं पाळलें, तरी या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.